चाळिशी आणि बहुनाभी स्पर्शभिंगे

मराठीत 'चाळिशी' ह्या एकाच शब्दाने माणसाचे वय आणि त्याच्या नाकावरचा चष्मा अशा दोन्ही गोष्टींचा बोध होतो. ज्या समाजाने हा शब्द घडविला त्याचे निरीक्षण अचूक होते, असे शरीरशास्त्राच्या आधारे म्हणता येते. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या आगेमागे, ज्याची नजर जन्मभर उत्तम होती अशा मनुष्यालाही पंचांगातील बारीक अंक, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी किंवा सुईचे नेढे नेहमीच्या अंतरावर स्पष्ट दिसेनासे होते. तो कागद डोळ्यांपासून दूर धरू लागतो, दिव्याखाली नेऊ लागतो, आणि अलीकडे छपाईच वाईट होऊ लागली आहे अशी तक्रारही करतो. ह्या स्थितीस वृद्धदृष्टिता असे शास्त्रीय नाव आहे. ते फारसे समर्पक नाही. कारण ही स्थिती वार्धक्याच्या बरीच आधी येते, आणि तो रोगही नव्हे. केस पिकण्याप्रमाणेच ती वयाची खूण होय. फरक एवढाच की, केस काहींचे फार उशिरा पिकतात. चाळिशी कोणासही चुकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक अहवालात जगातील सुमारे १८० कोटी लोकांस वृद्धदृष्टिता असल्याचे नमूद आहे. त्यांपैकी ८२ कोटी ६० लाख लोकांच्या दृष्टिदोषाचे निवारण झालेले नव्हते; म्हणजे त्यांच्यापर्यंत साधा वाचावयाचा चष्माही पोहोचला नव्हता किंवा पुरेसा ठरला नव्हता. एकीकडे ही परिस्थिती असताना दिल्ली, गुरुग्राम, नोएडा ह्यांसारख्या शहरांतील चष्म्यांच्या मोठ्या दुकानांतून आता चाळिशीवरील एक नवा उपाय सुचविण्यात येतो. डोळ्यावर बसविण्याचे एकच पातळ भिंग. त्यातून रस्ताही दिसावा, संगणकाचा पडदाही दिसावा आणि पुस्तकही वाचता यावे, असा त्याचा दावा असतो. हा दावा खोटा नाही. मात्र त्या भिंगातून जे मिळते त्याच्या मोबदल्यात काहीतरी द्यावे लागते. काय द्यावे लागते हे बहुधा दुकानात सांगितले जात नाही, आणि न सांगितल्यामुळे पुष्कळ लोक भिंगे चार दिवस वापरून पेटीत टाकून देतात.

डोळ्यातील भिंग ताठर होते म्हणजे काय

डोळा हा एक प्रकाशयंत्रच आहे. बुबुळावरील पारदर्शक आवरणास स्वच्छमंडल म्हणतात. डोळ्याची प्रकाश वळविण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून तिच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती ह्या स्वच्छमंडलाची असते. परंतु ती कायम ठराविक राहते. गरजेप्रमाणे शक्ती कमीजास्त करण्याचे काम त्याच्या मागील नेत्रभिंगाकडे असते. हे भिंग बारीक तंतूंनी एका वर्तुळाकार स्नायूला टांगलेले असते. दूर पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळ पाहताना स्नायू आकसतो, त्यामुळे तंतू ढिले पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगते. ही क्रिया उलटी वाटते खरी. स्नायूने जोर केला म्हणजे ताण कमी होतो! परंतु जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स ह्यांनी १८५५ साली केलेली ही उपपत्ती मूलतः आजही मान्य आहे. ह्या क्रियेस समायोजन असे म्हणतात.

समायोजन कोणत्या वयात किती असते ह्याची मोजणी डच नेत्रवैद्य डाँडर्स ह्यांनी केली आणि ती १८६४ च्या आपल्या ग्रंथात दिली. त्यांच्या कोष्टकानुसार दहाव्या वर्षी १४ डायॉप्टर, विसाव्या वर्षी १०, तिसाव्या वर्षी ७, चाळिसाव्या वर्षी साडेचार, पन्नासाव्या वर्षी अडीच आणि साठाव्या वर्षी अवघे १ डायॉप्टर समायोजन उरते. ह्या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात येईल. ऱ्हास चाळिसाव्या वर्षी सुरू होत नाही. तो बालपणापासूनच चालू असतो. नेत्रभिंग जन्मभर वाढत राहते, त्यात नवे थर जुन्यांवर चढतात, आणि आतला गाभा उत्तरोत्तर घट्ट होत जातो. चाळिशीत फक्त एवढेच घडते की, शिल्लक रक्कम रोजच्या खर्चापेक्षा कमी पडू लागते.

हा खर्च किती, तेही मोजता येते. ४० सेंटिमीटरवर धरलेली फाइल वाचण्यास अडीच डायॉप्टर लागतात, ६० सेंटिमीटरवरील संगणकाच्या पडद्यास सुमारे १.७, आणि ३३ सेंटिमीटरवर धरलेल्या भ्रमणध्वनीस ३ डायॉप्टर. शिवाय सर्व शक्ती पणाला लावून कोणी तासन्‌तास वाचू शकत नाही. सुखाने काम करावयाचे तर साधारणपणे निम्मी शक्ती राखीव असावी लागते. आता नोएडाहून मेट्रोने केंद्रीय सचिवालयात कामास जाणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या एखाद्या कर्मचाऱ्याची कल्पना करावी. त्याच्यापाशी ३ डायॉप्टरच्या आसपास समायोजन आहे, आणि त्यांतील दीड तो दिवसभर वापरू शकतो. मेट्रो स्थानकाची पाटी त्यास विनासायास दिसते. संगणकाचा पडदा जेमतेम चालतो. फाइल व भ्रमणध्वनी ह्यांसाठी मात्र त्याला १ ते दीड डायॉप्टरची उसनवारी करावी लागते. ही उसनवारी बाहेरच्या भिंगाकडून कशी करावी, एवढाच पुढचा सर्व प्रश्न आहे.

चष्म्याने काढलेली वाट

दूरची नजर चांगली असणाऱ्यास वाचनापुरता बहिर्गोल काचांचा चष्मा पुरतो. ज्यांना दूरचेही नीट दिसत नाही त्यांची अडचण दुहेरी असते. दोन चष्मे बाळगून कंटाळलेल्या बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनी आपल्या दुहेरी भिंगांच्या चष्म्याचा उल्लेख १७८४ च्या एका पत्रात केलेला आहे. वरच्या अर्ध्या भागातून दूरचे पाहावयाचे आणि खालच्या अर्ध्या भागातून जवळचे. हाच द्विनाभी चष्मा. १९५९ साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ ह्यांनी सिद्ध केलेली 'व्हॅरिलक्स' भिंगे बाजारात आली, आणि वरून खाली क्रमाक्रमाने शक्ती वाढत जाणारा, मधली रेघ नसलेला चष्मा शक्य झाला. जुन्या दिल्लीतील बल्लीमारान मोहल्ला आज चष्म्यांच्या घाऊक व्यापाराबद्दल प्रसिद्ध आहे. (मिर्झा गालिब ह्यांनी आपली अखेरची वर्षे ह्याच मोहल्ल्यात काढली, ते १८६९ साली वारले.) तेथे साध्या वाचनाच्या चष्म्यापासून ह्या क्रमवर्धी भिंगांपर्यंत सर्व प्रकार मिळतात.

ह्या सर्व चष्म्यांमागील तत्त्व एकच आहे. चष्मा नाकावर स्थिर असतो आणि डोळा त्यामागे फिरतो. डोळा खाली वळला की त्याच्यासमोर काचेचा निराळा भाग येतो. म्हणजे कोणत्या वेळी कोणती शक्ती वापरावयाची ह्याची निवड मान आणि डोळा ह्यांच्या हालचालीने होते.

डोळ्याबरोबर फिरणारे भिंग

स्पर्शभिंगाच्या बाबतीत हे तत्त्वच लागू पडत नाही. ते स्वच्छमंडलावरील अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत असते आणि डोळा जिकडे वळेल तिकडे त्याच्याबरोबर जाते. मान खाली घातली तरी बाहुलीसमोर भिंगाचा मध्यभागच राहतो. त्यामुळे वर एक शक्ती आणि खाली दुसरी, ही फ्रँकलिनची युक्ती येथे सरळ चालत नाही.

ती चालविण्याचा एक प्रयत्न झालेला आहे, आणि तो बुद्धिमान आहे. कडक स्पर्शभिंगे आकाराने लहान असतात व डोळ्यावर सरकू शकतात. अशा भिंगाच्या खालच्या भागात जवळची शक्ती ठेवतात आणि ते गरगर फिरू नये म्हणून त्याचा तळ जड करतात. मनुष्य वाचण्यासाठी खाली पाहतो तेव्हा खालच्या पापणीची कड भिंगाला वर ढकलते आणि बाहुलीसमोर जवळचा भाग येतो. नीट बसले तर दोन्ही अंतरांवर ह्या भिंगाइतके स्वच्छ दिसणे दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मिळत नाही. परंतु पापणीची ठेवण अनुकूल असावी लागते, कडक भिंगाची खुपखुप सोसावी लागते, आणि समोर सरळ रेषेत असलेल्या संगणकासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मऊ भिंगे ह्याहून निराळी. झुरिक येथील वैद्य आडोल्फ फिक ह्यांनी १८८८ साली ज्या काचेच्या स्पर्शभिंगांचे वर्णन प्रसिद्ध केले ती डोळ्याचा पांढरा भागही झाकीत आणि काही तासांपलीकडे सोसवत नसत. अमेरिकेत केव्हिन टूही ह्यांनी १९४८ साली केवळ स्वच्छमंडलापुरते प्लॅस्टिकचे लहान भिंग केले. पाणी शोषून मऊ होणाऱ्या पदार्थाचे भिंग मात्र प्रागमधील रसायनज्ञ ओटो विक्टर्ले ह्यांचे. त्यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या जोडून घरीच एक फिरते यंत्र रचले आणि त्यावर पहिली चांगली मऊ भिंगे ओतली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनयुक्त मऊ भिंगे आली. त्यांतून प्राणवायू अधिक जातो. ही बाब महत्त्वाची आहे. कारण स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात, आणि जागेपणी ते आपला प्राणवायू बव्हंशी बाहेरच्या हवेतूनच घेते. ह्या मऊ भिंगांचा आकार मोठा असल्यामुळे ती पापणीने फारशी सरकत नाहीत. तेव्हा त्यांत दोन शक्ती घालावयाच्या तर दोन्ही एकाच वेळी बाहुलीसमोर असणे भाग आहे. आज विकली जाणारी बहुतेक बहुनाभी स्पर्शभिंगे ह्या जातीची आहेत.

प्रकाशाची वाटणी

अशा भिंगात एकमध्य वर्तुळांचे पट्टे असतात किंवा मध्यापासून कडेपर्यंत शक्ती हळूहळू बदलत जाते. पुष्कळ प्रकारांत मध्यभागी जवळची शक्ती असते व भोवती दूरची. काहींत ह्याच्या उलट. पुस्तक वाचताना जवळच्या भागातून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर रेखीव प्रतिमा उमटवितो; त्याच क्षणी दूरच्या भागातून आलेला प्रकाश त्याच अक्षरांची एक पुसट प्रतिमा तिच्यावर पसरवितो. रस्त्याकडे पाहिले की ह्या दोघांच्या भूमिका बदलतात. म्हणजे निवड मानेने होत नाही. ती मेंदूला करावी लागते. रेखीव प्रतिमेकडे लक्ष देणे आणि पुसट प्रतिमेकडे दुर्लक्ष करणे मेंदू काही दिवसांत बऱ्याच अंशी शिकतो. पावसाच्या थेंबांनी भरलेल्या खिडकीतून बाहेरचे झाड पाहणारा मनुष्य हेच करीत असतो.

परंतु दुर्लक्ष केले म्हणून तो प्रकाश नाहीसा होत नाही. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची वाटणी झालेली असते आणि कोणत्याही एका अंतराच्या वाट्याला तो पूर्ण येत नाही. उरलेला भाग प्रतिमेवर फिकट पडद्यासारखा पसरतो व काळ्यापांढऱ्यातील भेद कमी करतो. दवाखान्यातील तक्त्यावरची अक्षरे पांढऱ्यावर ठळक काळी असल्यामुळे ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात, आणि तरीही तोच मनुष्य संध्याकाळी करड्या रस्त्यावरचा करडा गतिरोधक उशिरा दिसतो अशी तक्रार करतो. ही तक्रार काल्पनिक नसते. तक्त्याने जे मोजलेच नाही त्याबद्दल ती असते.

वाटणी कशी होते हे बाहुलीच्या आकारावर अवलंबून आहे, आणि बाहुली दिवसभर बदलत असते. उदाहरणादाखल असे समजू की, भिंगाच्या मध्यातील २ मिलिमीटर व्यासाचा भाग जवळच्या शक्तीचा असून बाकीचा दूरच्या शक्तीचा आहे. (प्रत्यक्षातील भिंगांत सीमा इतक्या ठळक नसतात, हा हिशेब केवळ कल्पना येण्यासाठी आहे.) बाहुलीचा व्यास ३ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळांच्या प्रमाणात शेकडा ४४ भाग प्रकाश जवळच्या प्रतिमेस मिळतो व ५६ भाग दूरच्या प्रतिमेस. ही सर्वसाधारण कचेरीतील स्थिती झाली. संध्याकाळी बाहुली ४ मिलिमीटर झाली की जवळच्या वाट्याला शेकडा २५ भागच येतात, आणि ५ मिलिमीटर झाली तर १६. मंद दिव्याच्या उपाहारगृहात पदार्थांची यादी का वाचता येत नाही ह्याचे कारण येथे सापडते. उलटपक्षी, मे महिन्यातील दिल्लीच्या दुपारी उन्हात बाहुली आकसून २ मिलिमीटरच्या आसपास आली तर जवळजवळ सर्व प्रकाश जवळच्या भागातूनच शिरतो, आणि ऐन लख्ख उजेडात रिंग रोडवरील दूरची पाटी धूसर दिसते. अशा वेळी काळा चष्मा लावल्यास बाहुली थोडी मोठी होऊन दूरचे सुधारते. भर उन्हात अंधार केल्याने नीट दिसावे हे चमत्कारिक वाटेल, पण हिशेब तसाच आहे.

वयाबरोबर बाहुली साधारणतः लहान होत जाते, व माणसामाणसांतही तिचा आकार भिन्न असतो. म्हणून एकच भिंग एकास उत्तम आणि त्याच नंबरच्या दुसऱ्यास निरुपयोगी ठरू शकते. बाहुली न मोजता, केवळ चष्म्याच्या नंबरावरून बहुनाभी भिंग देणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा देण्यासारखे होय.

बाहुलीचा विषय निघाला म्हणून येथे थेंबांच्या औषधाचाही उल्लेख करणे योग्य होईल. पायलोकार्पिन नावाचे जुने औषध बाहुली लहान करते, आणि लहान छिद्रातून जवळचेही बरे दिसते. टाचणीने कागदाला भोक पाडून त्यातून पाहिल्यास कोणासही ह्याचा अनुभव घेता येईल. चाळिशीवरील उपाय म्हणून ह्या औषधाच्या एका प्रकारास अमेरिकेत २०२१ साली परवानगी मिळाली. भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका कंपनीस अशाच थेंबांसाठी परवानगी देण्यात आली. परंतु त्यानंतर वाचनाचा चष्मा अनावश्यक होईल असा प्रचार झाल्यामुळे दिल्लीतील केंद्रीय औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती परवानगी स्थगित केली. ह्या थेंबांचा परिणाम काही तासच टिकतो, ते नेत्रभिंगास पुन्हा लवचिक करीत नाहीत, आणि आकसलेल्या बाहुलीमुळे रात्रीचे दिसणे मंदावते.

वाटणी टाळण्याचा आणखी एक मार्ग पुष्कळ वर्षांपासून प्रचारात आहे. त्यात एका डोळ्यास दूरचे साधे भिंग देतात व दुसऱ्यास जवळचे. बहुधा ज्या डोळ्याने मनुष्य नेम धरतो तो डोळा दूरसाठी राखतात. दोन्ही प्रतिमांची चमक कायम राहते. परंतु दोन डोळ्यांच्या सहकार्याने जी खोली समजते ती कमी होते. जिन्याच्या पायऱ्या उतरणे, सुईत दोरा ओवणे, पुढच्या वाहनाचे अंतर जोखणे ही कामे त्यावर अवलंबून असतात. हिवाळ्यात धुक्यातून रात्री मोटार हाकणाऱ्या मनुष्याने ह्या दोन्ही मार्गांचा विचार सावधपणेच करावा. बहुनाभी भिंगांत समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती प्रभामंडळे दिसतात, आणि एका डोळ्याच्या पद्धतीत अंतराचा अंदाज कच्चा पडतो.

दिल्लीची हवा आणि नळाचे पाणी

भिंगाचे प्रकाशशास्त्र बिनचूक असले तरी ते ज्या थरावर तरंगते तो अश्रूंचा थर पातळ असेल तर सर्व व्यर्थ जाते. वय वाढते तसे अश्रू कमी होतात. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर हे विशेष जाणवते. म्हणजे ज्या वयात बहुनाभी भिंगाची गरज पडते नेमके त्याच वयात डोळा ते सोसण्यास कमी सिद्ध असतो. त्यात दिल्लीचे हवामान प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात लू वाहते, कचेऱ्यांत वातानुकूलित कोरडी हवा असते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून धूर व धूळ ह्यांचे दाट आवरण शहरावर उतरते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या आवारात १९६७ साली स्थापन झालेल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रातील वैद्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिल्लीच्या प्रदूषित भागांतून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या लोकांत डोळ्यांची चुरचुर व अश्रूंच्या थरातील बिघाड अधिक आढळल्याचे नोंदविले आहे. भिंग कोरडे पडले की त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, पुसट प्रतिमा अधिक पुसट होते, आणि मनुष्य दोष भिंगाच्या नंबराला देतो.

एक गोष्ट मात्र भिंगांच्या बाजूची आहे. प्रदूषणाच्या दिवसांत नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी लागते आणि उच्छ्वासाच्या वाफेने चष्म्याच्या काचा धुरकट होतात. स्पर्शभिंगास ही बाधा होत नाही. त्या दिवसांपुरती, एकदाच वापरून टाकून द्यावयाची रोजची भिंगे ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी ती बरी. कारण धुळीचे कण व अश्रूंतील मळ त्यांवर दुसऱ्या दिवसापर्यंत साठत नाहीत.

भिंगांचा खरा धोका जंतूंचा आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात झालेल्या व १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मऊ भिंगे केवळ दिवसा वापरणाऱ्या १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ४ जणांस स्वच्छमंडलाचा जंतुजन्य व्रण झाल्याचे आढळले. भिंगे डोळ्यांत ठेवूनच झोपणाऱ्यांत हे प्रमाण २१ च्या घरात होते. असा व्रण बरा झाला तरी त्याचा पांढरा डाग बाहुलीसमोर कायमचा राहू शकतो. नळाच्या व टाकीच्या पाण्यात अकॅन्थमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो, आणि त्याने होणारा व्रण फार वेदनादायक व चिवट असतो. पाणी पिण्यास शुद्ध असले म्हणजे ते भिंग धुण्यास चालते असे नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करावे, भिंग त्यासाठीच मिळणाऱ्या द्रावणानेच धुवावे, आदल्या दिवसाचे द्रावण फेकून द्यावे, आणि डोळा लाल होऊन दुखू लागल्यास किंवा उजेड सोसेनासा झाल्यास भिंग काढून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. त्या वेळी औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणून घालण्यात जो दिवस जातो तो पुष्कळदा महागात पडतो.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही

ह्या भिंगांचा सर्वाधिक लाभ कोणास होतो? ज्यांना आधीपासून दूरचा नंबर आहे, जे तरुणपणापासून स्पर्शभिंगे वापरीत आले आहेत, ज्यांचे काम मध्यम अंतरावरचे आहे आणि ज्यांना जवळच्या शक्तीची फार मोठी भर लागत नाही, अशांस; म्हणजे ढोबळमानाने चाळीस ते पन्नास वर्षांच्या लोकांस. भर जितकी मोठी तितके दोन प्रतिमांतील अंतर वाढते आणि तडजोड अधिक जाणवते. निकटदृष्टिता असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्यांचा नंबर उणे तीनच्या जवळपास आहे ते चष्मा नुसता काढून ३३ सेंटिमीटरवर आरामात वाचतात. दूरचे साधे स्पर्शभिंग घातल्यावर त्यांची ही सोय जाते. शिवाय चष्म्याच्या अंतर्गोल काचा डोळ्यापासून काही अंतरावर असल्यामुळे जवळ पाहताना समायोजन थोडे कमी पुरते. स्पर्शभिंगात तो फायदा नसतो. म्हणून जास्त नंबर असलेल्या मनुष्यास चष्मा सोडून साधी स्पर्शभिंगे घेताच चाळिशी एकाएकी लागल्यासारखे वाटते.

ज्याला दूरचे उत्तम दिसते आणि केवळ वर्तमानपत्रापुरती अडचण आहे, त्याच्यासाठी ह्या भिंगांचा खटाटोप सहसा व्यर्थ आहे. चांगल्या दूरदृष्टीत कणभरही उणेपणा आलेला त्याला खपत नाही. सोनार, घड्याळजी, जरीकाम करणारे कारागीर, रात्रीचे वाहनचालक ह्यांच्या कामास स्वच्छ प्रतिमा लागते. त्यांना चष्माच श्रेयस्कर. आणि साध्या चष्म्यास कमी लेखण्याचे कारण नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जवळचे दिसण्याचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेने सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. दिल्लीच्या झोपडवस्त्यांत राजेंद्र प्रसाद केंद्रातर्फे चालणाऱ्या दृष्टिकेंद्रांत जे लोक येतात, त्यांच्यातील शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा डाळ-तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला बहुनाभी स्पर्शभिंगाची आवश्यकता नाही. योग्य नंबराचा एक चष्मा तिच्या हाती पडला पाहिजे. मात्र तोही पदपथावरून उचलण्यापूर्वी डोळे एकदा तपासून घेणे इष्ट, कारण काचबिंदू ह्याच वयात, कोणतीही वेदना न करता, आत शिरतो.

बहुनाभी भिंगे घ्यावयाची ठरविल्यास ती नमुन्यादाखल एकदोन आठवडे वापरून पाहावीत. दुकानातील खुर्चीवर बसून दहा मिनिटांत निर्णय करू नये. मेंदूस वेळ लागतो, आणि पहिले तीनचार दिवस बहुधा निराशेचे असतात. स्वतःच्या कचेरीतील पडदा, घरातील संध्याकाळचा दिवा, रात्रीचा नेहमीचा रस्ता, दुपारचे ऊन ह्या सर्व ठिकाणी त्यांची परीक्षा घ्यावी आणि कोठे काय अडले ते नेत्रतज्ज्ञास सांगावे. त्यावरून एका डोळ्यात दूरला व दुसऱ्या डोळ्यात जवळला थोडे झुकते माप देऊन पुष्कळांची अडचण दूर करता येते. तरीही औषधाच्या पुडीवरील सूक्ष्म अक्षरांसाठी खिशात हलकासा चष्मा ठेवावा लागला तर तो भिंगांचा पराभव समजू नये.

साठीच्या पुढे हा प्रश्न बहुधा निराळे रूप घेतो. समायोजन जवळजवळ संपलेले असल्यामुळे जवळचा नंबर फारसा वाढत नाही, पण पुष्कळांच्या नेत्रभिंगात मोतीबिंदू धरू लागतो. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवितात, आणि तेही आता बहुनाभी मिळते. त्यातही प्रकाशाची अशीच वाटणी असते. रात्रीची प्रभामंडळे तीच, मंदावलेला भेदही तोच. स्पर्शभिंग पसंत पडले नाही तर संध्याकाळी काढून ठेवता येते. डोळ्याच्या आत बसविलेले भिंग बदलावयाचे तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून ज्यांनी पन्नाशीत बहुनाभी स्पर्शभिंगे वापरून पाहिली असतील, त्यांनी तो अनुभव, चांगला असो वा वाईट, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी शल्यवैद्यास अवश्य सांगावा.